इंधनांतील औषध आणि इंजिनाचें आरोग्य



नारायणगांवाकडून दररोज पहांटे भाजीपाला घेऊन पुण्याच्या बाजारांत येणारे एक टेंपोमालक माझ्या परिचयाचे आहेत. गाडी ते स्वतःच चालवितात. कर्जाचे हप्ते अजून फिटावयाचे आहेत. त्यामुळें गाडी एक दिवस उभी राहिली, तर त्या दिवसाची कमाई बुडतेच, पण हप्त्याचा घोरही वाढतो. एका पावसाळ्याच्या अखेरीस ही गाडी चढावर दम टाकूं लागली, सकाळीं सुरू होण्यास कुरकुर करूं लागली, आणि धूरही काळा सोडूं लागली. कोणीं सांगितलें कीं, टाकींत अमुक एक बाटली ओता, म्हणजे इंजिन आंतून धुवून निघेल. त्यांनीं ती ओतली. गुण आला नाहीं, तेव्हां दुसरी ओतली, मग तिसरी. शेवटीं एका जाणत्या कारागिरानें गाडी तपासली, तों डिझेलच्या गाळणींत पाणी सांचलेलें आणि हवेची गाळणी धुळीनें गच्च भरलेली आढळली. दोन्ही गाळण्या बदलतांच गाडी पूर्ववत् धांवूं लागली. त्या दुरुस्तीचा खर्च तीन बाटल्यांच्या किंमतीहून कमी होता.

ही हकीकत ऐकून इंधनांत घालावयाचीं औषधें हें निव्वळ थोतांड आहे, असा ग्रह कोणी करून घेऊं नये. तसें म्हणणें शास्त्राला धरून होणार नाहीं. या औषधांचा गुण खरा आहे, आणि तो प्रयोगांनीं सिद्ध झालेला आहे. परंतु प्रत्येक औषधाचा एक रोग असतो. त्या रोगावर तें लागू पडतें, इतरांवर पडत नाहीं. इंधनांत मिसळल्या जाणाऱ्या या पदार्थांना व्यवहारांत ॲडिटिव्ह म्हणतात. आपण त्यांना पूरक द्रव्यें म्हणूं. तीं काय करतात, काय करूं शकत नाहींत, आणि आपल्यासारख्या सामान्य वाहनधारकानें त्यांचा उपयोग केव्हां करावा, एवढ्याच गोष्टींचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम इंधनाचा मार्ग नजरेसमोर आणूं. टाकींतील पेट्रोल पंपाच्या जोरानें गाळणींतून पुढें जातें. जुन्या गाड्यांत तें कार्ब्युरेटरमध्यें जाऊन हवेशीं मिसळतें. नव्या गाड्यांत इंजेक्टर नांवाच्या एका बारीक पिचकारींतून त्याचा फवारा उडतो. हवा व पेट्रोल यांचें हें मिश्रण झडपेवाटे सिलिंडरांत शिरतें. तेथें ठिणगी पडते, मिश्रण जळतें, आणि तापलेल्या वायूच्या दाबानें दट्ट्या खालीं ढकलला जातो. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. दाबानें अतिशय तापलेल्या हवेंत डिझेलचा फवारा सोडला कीं तो आपोआप पेट घेतो. या सर्व वाटेंत अरुंद जागा पुष्कळ आहेत. आधुनिक डिझेल इंजेक्टरचीं छिद्रें मिलिमीटरच्या एक दशांशाच्या आसपास असतात, म्हणजे साधारणतः आपल्या केंसाहून फारशीं मोठीं नसतात. अशा छिद्राच्या कडेला किंचित् पुट चढलें तरी फवाऱ्याची घडण बिघडते, हें सहज लक्षांत येईल.

आतां हें पुट येतें कोठून? पेट्रोल दिसावयास पाण्यासारखें स्वच्छ असतें. परंतु तो एकच एक पदार्थ नव्हे, शेंकडों हायड्रोकार्बनांचें तें मिश्रण आहे. त्यांतील कांहीं रेणूंत कार्बनच्या अणूंमध्यें दुहेरी बंध असतात. हे रेणु हवेंतील प्राणवायूशीं हळूहळू संयोग पावतात आणि मग एकमेकांना चिकटून लांबलचक साखळ्या बनतात. शेवटीं त्यांपासून राळेसारखा चिकट पदार्थ तयार होतो. घरांतील तेलाचा बुधला बरेच दिवस वापरला म्हणजे त्याच्या तोंडाशीं जो पिवळट चिकटा धरतो, तो आपल्या गृहिणींच्या चांगला परिचयाचा आहे. साध्या पाण्यानें तो निघत नाहीं. पेट्रोलमधील राळ ही त्याचीच जातभाई समजावी. तिचें प्रमाण फार होऊं नये म्हणून इंधनाच्या मानकांत मर्यादा घातलेली असते. अमेरिकन मानकाप्रमाणें १०० मिलिलिटर पेट्रोलमध्यें धुवून उरणारी राळ ५ मिलिग्रॅमपेक्षां अधिक असतां कामा नये.

पुट चढण्याचें दुसरें कारण उष्णता. गाडी धांवत असतांना इंजेक्टरमधून ताजें व तुलनेनें थंड पेट्रोल सारखें वाहत असतें. आपण इंजिन बंद केलें कीं हा प्रवाह थांबतो, परंतु इंजिनाची धग लगेच ओसरत नाहीं. इंजेक्टरच्या टोंकाशीं राहिलेला पेट्रोलचा थेंब त्या धगीनें शिजतो. त्याचा हलका भाग उडून जातो आणि जड भाग कढईच्या तळाशीं लागलेल्या खरपुडीप्रमाणें चिकटून राहतो. थोड्या थोड्या अंतरावर थांबत जाणाऱ्या गाडीला हा अनुभव दिवसांतून अनेकदां येतो. म्हणून महामार्गावर सलग धांवणाऱ्या मोटारीपेक्षां गल्लीबोळांत फिरणाऱ्या वाहनाच्या पिचकाऱ्या लवकर मळतात.

तिसरी जागा झडपेची. आंत येणाऱ्या मिश्रणाच्या झडपेवर एका बाजूनें इंधनाचा अंश, दुसऱ्या बाजूनें वंगणाच्या तेलाची वाफ आणि मागें फिरणारा धूर यांचा थर बसतो. हा थर सच्छिद्र असतो. सकाळीं थंड इंजिन सुरू करतांना तो स्पंजासारखा पेट्रोल शोषून घेतो. त्यामुळें सिलिंडरला हवें तेवढें पेट्रोल वेळेवर मिळत नाहीं आणि गाडी अडखळते. चौथी जागा खुद्द ज्वलनकक्षाची. तेथें कार्बनचा थर जमला म्हणजे आंतील जागा किंचित् कमी होते आणि उष्णता बाहेर जाण्यासही अडथळा होतो. मग मिश्रण अवेळीं पेटून इंजिनांत टकटक असा आवाज येऊं लागतो.

या मळावर उपाय म्हणून रसायनशास्त्रज्ञांनीं जीं द्रव्यें शोधलीं, त्यांची कल्पना साबणावरून चांगली येईल. साबणाच्या रेणूला दोन टोकें असतात. एक टोक तेलकट मळाशीं सलगी करतें, दुसरें पाण्याशीं. मळाला धरून तें पाण्याबरोबर वाहून नेतें. इंधनांतील शोधक द्रव्याचा रेणुही असाच दुतोंडी असतो. मात्र येथें वाहून नेणारा द्रव पाणी नसून पेट्रोल आहे. त्यामुळें रेणूचें लांब शेंपूट हायड्रोकार्बनचें अथवा तत्सम, म्हणजे पेट्रोलमध्यें विरघळणारें असतें, आणि डोक्याकडे नायट्रोजनयुक्त अमाइन गट असतो. हें डोकें मळाच्या कणाला किंवा धातूच्या पृष्ठाला चिकटतें. धातूवर असे रेणु दाटीनें बसले म्हणजे तेथें एक पातळ आवरण तयार होतें आणि नवा मळ धरत नाहीं. मळावर बसले म्हणजे तो कण कण सुटून पेट्रोलबरोबर पुढें जातो व सिलिंडरांत जळून जातो.

येथें दोन कामांतील भेद ध्यानांत ठेवावा. स्वच्छ इंजिन स्वच्छ राखणें हें एक काम. त्याला शोधक द्रव्य अगदीं थोडें पुरतें. मळलेलें इंजिन स्वच्छ करणें हें दुसरें. त्याला तें पुष्कळ अधिक प्रमाणांत लागतें. पंपावर मिळणाऱ्या शोधकमिश्रित पेट्रोलमध्यें द्रव्याचा अंश दर दहा लाख भागांत कांहीं शेंकडे भाग इतकाच असतो आणि तो पहिलें काम करतो. बाटलींतून टाकींत ओतलें जाणारें औषध त्याहून कितीतरी तीव्र असतें. त्याचा रोख दुसऱ्या कामावर असतो. दररोज दांत घांसणें आणि दंतवैद्याकडून किटण काढून घेणें यांत जेवढें अंतर आहे, तेवढेंच येथें आहे.

शोधक द्रव्येंही सर्व सारखीं नाहींत. कार्ब्युरेटरच्या काळीं साधीं अमाइनें पुरत असत, कारण कार्ब्युरेटर फारसा तापत नाहीं. पुढें झडपा स्वच्छ राखण्याकरितां पॉलिआयसोब्युटिलीन अमाइन या वर्गांतील द्रव्यें आलीं. तीं झडपांवर चांगलें काम करतात, परंतु त्यांचा कांहीं अंश ज्वलनकक्षांत पूर्णपणें न जळतां मागें राहूं शकतो. पॉलिइथर अमाइन हा वर्ग अधिक उष्णता सोसतो. इंजेक्टर, झडपा व ज्वलनकक्ष या तिन्ही ठिकाणीं त्याचा उपयोग होतो. म्हणून बाटली घेतांना वेष्टनावरील मोठमोठ्या प्रतिज्ञा वाचण्यापेक्षां आंत कोणतें द्रव्य आहे, हें शोधावें. नुसतें रॉकेलसदृश द्रावक आणि सुवासिक रंग यांना औषध म्हणतां येत नाहीं.

या द्रव्यांचा उपयोग केवळ विक्रेत्यांच्या सांगण्यावर अवलंबून नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत पिचकारीच्या गाड्या वाढल्या आणि पिचकाऱ्या तुंबण्याच्या तक्रारीही वाढल्या. तेव्हां झडपांवरील थर मोजण्याची एक कसोटी ठरली. ठराविक मोटार १०,००० मैल चालवावयाची आणि मग झडपा काढून त्यांवरील थर तोलावयाचा. दर झडपेमागें सरासरी १०० मिलिग्रॅमच्या आंत थर असेल, तरच तें पेट्रोल उत्तम मानावयाचें. १ जानेवारी १९९५ पासून अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या सर्व पेट्रोलमध्यें शोधक द्रव्य घालणें कायद्यानें आवश्यक झालें. कायद्यानें ठरविलेलें प्रमाण फार तुटपुंजें आहे असें वाटल्यावरून २००४ सालीं कांहीं मोटार-उत्पादकांनीं एकत्र येऊन अधिक कडक अशी स्वतःची एक श्रेणी ठरविली. २०१६ मध्यें अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशननें दोन्ही प्रकारच्या पेट्रोलांची तुलना केली. ४,००० मैलांइतक्या चालीनंतर या श्रेणींत न बसणाऱ्या पेट्रोलनें इंजिनांत सरासरीनें १९ पट अधिक थर जमविला असें आढळलें. तेव्हां शोधक द्रव्यांत तथ्य आहे याविषयीं शंका उरत नाहीं.

मग माझ्या परिचयाच्या त्या गृहस्थांना गुण कां आला नाहीं? कारण त्यांच्या गाडीचा रोग निराळा होता. शोधक द्रव्य राळ व कार्बन यांच्यावर चालतें. गाळणींत अडकलेली धूळ, टाकींतला गंज, डिझेलखालीं सांचलेलें पाणी, झिजलेली पिस्टन रिंग, निकामी ठिणगीचा प्लग, दाब न धरणारी झडप, यांपैकीं कशावरही त्याची मात्रा चालत नाहीं. हवेची गाळणी तर इंधनाच्या वाटेवर नसतेच. मग टाकींत ओतलेलें औषध तेथें पोंचणार कसें? काळा धूर हें इंधन अधिक व हवा कमी झाल्याचें लक्षण होतें. तें लक्षण पाहून प्रथम हवेची वाट तपासावयास हवी होती.

हाच न्याय एका अगदीं नव्या प्रकारच्या इंजिनाला लागू पडतो. हल्लीं कित्येक पेट्रोल मोटारींत इंधनाची पिचकारी झडपेच्या मागें नसून थेट सिलिंडरांत उघडते. या रचनेंत झडपेवर पेट्रोलचा थेंबही पडत नाहीं. तेथून केवळ हवा जाते. मात्र वंगणाची वाफ तेथें येते व थर जमतो. पेट्रोलमध्यें कितीही उत्तम शोधक द्रव्य घातलें तरी तें या झडपेला शिवत नाहीं. पिचकारीचें तोंड तें स्वच्छ करील. परंतु झडपा साफ करण्यासाठीं इंजिनाचा तेवढा भाग उघडावा लागतो. कांहीं ठिकाणीं अक्रोडाच्या कवचाची भरड हवेच्या जोरानें मारून हे थर खरवडतात, कारण ती भरड थर काढण्याइतकी कठीण, पण धातूला ओरखडा न पाडण्याइतकी मऊ असते.

आतां डिझेलकडे वळूं. कांहीं आधुनिक डिझेल इंजिनांत इंधनाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दोन हजारपटींपर्यंत जातो. इतक्या दाबाखालीं पिचकारीच्या आंतील भाग एकमेकांवर अत्यंत बारीक अंतरानें सरकत असतात आणि त्यांचें वंगण म्हणजे डिझेलच असतें. पूर्वीं डिझेलमध्यें गंधकाचीं संयुगें पुष्कळ असत. धूर स्वच्छ करण्यासाठीं गंधक काढणें आवश्यक होतें. १ एप्रिल २०२० पासून भारतभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा या मानकांत त्याचें प्रमाण दर दहा लाख भागांत १० भागांवर आलें. परंतु गंधक काढण्याच्या प्रक्रियेंत डिझेलचा अंगचा वंगणगुणही कमी होतो. म्हणून तेलशुद्धीच्या कारखान्यांतच त्यांत वंगणगुण वाढविणारें द्रव्य घालतात. अर्थात् पूरक द्रव्य आपण बाटलींतून ओतलें नाहीं तरी तें आपल्या टाकींत आधींच येऊन पोंचलेलें असतें. ज्याशिवाय आजचें इंधन इंधनच ठरणार नाहीं, अशीं कित्येक द्रव्यें त्यांत आहेत.

डिझेलचा मोठा वैरी पाणी. अर्धी रिकामी टाकी रात्रीं थंड झाली म्हणजे आंतल्या हवेंतील बाष्प थिजून थेंब होतात व तळाशीं जमतात. डिझेल आणि पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतु व बुरशी वाढते आणि तिचा काळसर लिबलिबीत गाळ गाळणीला जाऊन बसतो. यावर जंतुनाशक द्रव्यें आहेत. पण पाणी काढून टाकल्याशिवाय नुसतें जंतुनाशक ओतणें म्हणजे डबकें तसेंच ठेवून डांस मारीत बसणें होय. गाळणीच्या बुडाशीं पाणी काढण्याचा स्क्रू असतो. तो वेळच्या वेळीं सैल करून पाणी सोडावें, आणि पावसाळ्यांत टाकी शक्यतों भरलेली ठेवावी. या दोन संवयींना पैसा पडत नाहीं.

पेट्रोलमध्यें मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलशीं महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. २००१ सालीं सरकारनें इथेनॉलमिश्रणाचे जे पहिले प्रायोगिक प्रकल्प घेतले, त्यांतील दोन मिरज व मनमाड येथें होते. आपल्याकडील साखर कारखान्यांच्या मळीपासून हें मद्यार्क मिळतें, हें त्याचें कारण उघड आहे. जून २०२२ मध्यें देशभर सरासरी १० टक्के मिश्रणाचें उद्दिष्ट गांठलें गेलें, आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली. इथेनॉलचा ऑक्टेन अंक चांगला असल्यानें टकटक कमी होते. परंतु त्याचे दोन स्वभाव माहीत असावेत. एक म्हणजे तें उत्तम द्रावक आहे. जुन्या टाकींत व नळ्यांत वर्षानुवर्षें बसलेला चिकटा तें सोडवितें आणि तो गाळणींत येऊन अडकतो. दुसरें म्हणजे तें पाणी ओढून घेतें. पाण्याचा अंश मर्यादेबाहेर गेला कीं मद्यार्क आणि पाणी यांचा थर पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशीं बसतो. असें एकदां झालें म्हणजे कोणतीही बाटली तें पूर्ववत् करीत नाहीं. टाकी रिकामीच करावी लागते.

येथेंच आणखी एका प्रश्नाचा उलगडा होतो. एक लिटर इथेनॉलमध्यें एक लिटर पेट्रोलच्या मानानें सुमारें एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणून २० टक्के मिश्रणाच्या एका लिटरांत शुद्ध पेट्रोलपेक्षां सहा ते सात टक्के ऊर्जा कमी भरते. ही तूट भरून काढण्याचें आश्वासन देणाऱ्या बाटल्याही बाजारांत दिसूं लागतात. परंतु चार थेंबांच्या औषधांत ती ऊर्जा येणार कोठून? आणि 'आमच्या औषधानें इंधन संपूर्ण जळतें, म्हणून मायलेज तिसऱ्या हिश्शानें वाढतें', हें म्हणणेंही हिशेबाला टिकत नाहीं. धडधाकट इंजिनांत शिरलेल्या इंधनापैकीं शेंकडा पंचाण्णवांहून अधिक भाग औषधाशिवायच जळतो. आपलें नुकसान होतें तें न जळलेल्या इंधनामुळें नव्हे, तर जळून निर्माण झालेली बहुतेक उष्णता धुरांडें व रेडिएटर यांवाटे निघून जाते म्हणून. अमेरिकेच्या पर्यावरण-रक्षण खात्यानें इंधन वांचविण्याचा दावा करणारीं शंभराहून अधिक साधनें व द्रव्यें तपासलीं. त्यांपैकीं फारच थोड्यांत कांहीं लाभ दिसला, आणि तोही अल्प. मळलेलें इंजिन स्वच्छ झाल्यावर गमावलेली शक्ति परत मिळेल, हें खरें. पण मुळांत नसलेली शक्ति कोठून येणार नाहीं.

कांहीं घरगुती उपाय तर अपायकारक आहेत. पेट्रोलमध्यें डांबरगोळ्या टाकल्या कीं गाडी पळते, असा एक समज आपल्याकडे आहे. डांबरगोळींतील नॅफ्थॅलिनचा ऑक्टेन अंक चांगला आहे. परंतु पेट्रोल उडून गेल्यावर त्याचे स्फटिक मागें राहतात व कार्ब्युरेटरचीं छिद्रें बुजवितात. लोहयुक्त अथवा मँगेनीजयुक्त ऑक्टेनवर्धक द्रव्यांचा अंश प्लगवर व धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रावर बसतो. रॉकेल मिसळणें तर सर्वांत घातक. तें पेट्रोलहून जड असल्यानें नीट उडत नाहीं, अर्धवट जळतें, काजळी धरतें, आणि उरलेला भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खालीं उतरून वंगण पातळ करतो. पुष्कळ इंजिनांचा मळ हा मूळचा या भेसळीचा मळ असतो.

आणि ही भेसळ हा कांहीं किरकोळ लबाडीचा विषय नव्हे. २५ जानेवारी २०११ रोजीं मनमाडजवळ पानेवाडी येथें इंधनाच्या काळ्या बाजाराची पाहणी करण्यास गेलेले मालेगांवचे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भरदिवसा जिवंत जाळण्यांत आलें. शुद्ध इंधन आपल्या टाकींत पडावें म्हणून एका कर्तव्यदक्ष अधिकाऱ्यानें प्राण वेंचले, याची आठवण आपण ठेवली पाहिजे. निदान आपला स्वतःचा हक्क तरी बजावावा. पंपावर गाळणकागद मागून त्यावर पेट्रोलचा एक थेंब टाकून पाहतां येतो. थेंब दोन मिनिटांच्या आंत उडून जावा आणि मागें तेलकट डाग राहूं नये. ही मागणी करण्यांत संकोच बाळगण्याचें कारण नाहीं.

पूरक द्रव्यांच्या इतिहासांतही सावधगिरीचा एक मोठा धडा आहे. डिसेंबर १९२१ मध्यें अमेरिकेंतील डेटन येथें टॉमस मिजली व त्यांचे सहकारी यांना असें आढळलें कीं, शिशाचें टेट्राएथिल नांवाचें संयुग थोडेसें मिसळल्यास इंजिनाची टकटक थांबते. १९२३ पासून तें पेट्रोल विकलें जाऊं लागलें. १९२४ सालीं न्यू जर्सींतील बेवे येथील कारखान्यांत हें द्रव्य बनवितांना विषबाधा होऊन पांच कामगार मृत्युमुखीं पडले. तरीही शिशाचा वापर चालू राहिला आणि कित्येक पिढ्यांतील मुलांच्या रक्तांत तें धुरावाटे जात राहिलें. भारतांत १ फेब्रुवारी २००० पासून शिसेंविरहित पेट्रोल सर्वत्र आलें. जगांतील शेवटचा देश अल्जीरिया, त्यानें जुलै २०२१ मध्यें तें बंद केलें. इंजिनाला मानवणारें द्रव्य माणसाला मानवेलच असें नाहीं, हें या शंभर वर्षांच्या अनुभवानें शिकविलें. म्हणून अनोळखी बाटलींतील अनोळखी द्रव्य केवळ स्वस्त आहे म्हणून जाळूं नये. त्याचा धूर आपणच श्वासांत घेणार आहों.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतों. गाडींत बिघाड वाटला तर प्रथम हवेची गाळणी, इंधनाची गाळणी, प्लग व बॅटरी यांची तपासणी करून घ्यावी. एवढें करूनही वेग वाढवितांना गाडी अडखळत असेल, थांबलेली असतांना इंजिन असमान चालत असेल, आणि ती बरीच वर्षें व बहुधा गर्दींतच वापरलेली असेल, तर पिचकाऱ्या मळल्याचा संशय रास्त आहे. अशा वेळीं पॉलिइथर अमाइनयुक्त औषध वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणांतच, भरत आलेल्या टाकींत घालावें. अधिक घातल्यानें अधिक गुण येत नाहीं. मग शक्य तर लांबचा एक सलग प्रवास करावा. हें काम वंगण बदलण्याच्या थोडें आधीं करावें, कारण औषधाचा कांहीं अंश वंगणांत उतरतो. पेट्रोलचें औषध पेट्रोललाच व डिझेलचें डिझेललाच घालावें. एका टाकीनें फरक पडला नाहीं, तर दुसरी बाटली आणण्याऐवजीं जाणत्या कारागिराकडे जावें.

जी स्कूटर दोनतीन महिने उभी राहावयाची आहे, तिच्यासाठीं इंधन टिकविणारें द्रव्य मिळतें. तें प्राणवायूचा परिणाम मंद करतें. पण पेट्रोल ताजें असतांनाच घातलें पाहिजे. नासलेलें दूध जसें पुन्हां गोड होत नाहीं, तसें जुनाट पेट्रोलही औषधानें ताजें होत नाहीं. हीं सर्व द्रव्यें ज्वालाग्राही व विषारी आहेत. तीं मुलांच्या हातीं लागूं देऊं नयेत, पाण्याच्या बाटलींत भरून ठेवूं नयेत, आणि अंगावर सांडल्यास साबणानें धुवून टाकावींत.

माझ्या परिचयाच्या त्या टेंपोमालकांनीं त्यानंतर एक छोटी वही केली आहे. गाळणी कोणत्या तारखेस बदलली, पाणी केव्हां सोडलें, डिझेल कोठें भरलें, हें ते तींत लिहून ठेवतात. बाटलीही ते कधींतरी घालतात. परंतु ती घालण्यापूर्वीं वही उघडून पाहतात. औषध घेण्याची हीच योग्य रीत आहे. रोगाचें नांव कळल्यावर घेतलेलें औषध औषध ठरतें. तें न कळतां घेतलें तर तो केवळ खर्च, आणि ज्याच्या घराची चूल त्या चार चाकांवर पेटते, त्याला हा खर्च परवडणारा नसतो.